तळावरचा मे महिना

कराडच्या एसटी स्टँडवर आबा मला सोडायला आले, तेव्हा त्यांच्या अंगाला मेंढरांचा वास येत होता. माझ्याही अंगाला तोच वास होता, त्यामुळे मला तो जाणवला नव्हता. पुण्याच्या गाडीत शेजारी बसलेल्या बाईंनी खिडकी उघडली, तेव्हा कळलं.

नववीची परीक्षा संपून सुट्टी लागली होती. मी जेमतेम दोन रात्री आई-आबांच्या मेंढरांच्या तळावर झोपले होते, आणि लगेच पुण्याच्या शिबिराला निघाले होते. आमच्या जाधव मॅडम स्टँडवर आधीच येऊन थांबल्या होत्या. त्या मला शाळेत विज्ञान शिकवायच्या आणि पुण्यापर्यंत सोबत येणार होत्या. आबा त्यांच्यापुढं घोंगडं खांद्यावर सारून उभे राहिले आणि म्हणाले, "आवं मॅडम, हिला उघड्यावर झोपायची सवय हाय. बंद खोलीत घाबरंल. खिडकीपाशी जागा द्या म्हणावं."

मॅडम म्हणाल्या, "मी सांगते त्यांना."

मग आबा माझ्याकडं वळले. मी रडवेली झाले होते. मला जायचं होतं आणि जायचं नव्हतंही. ते म्हणाले, "जा तू मने. मेंढरं काय, पुढल्या साली बी हायेत. मे महिना बी हाय." गाडी सुटली तेव्हा ते हात हलवत नव्हते. काठीवर दोन्ही हात ठेवून, मेंढरांकडं बघत उभे राहतात तसे ते गाडीकडं बघत उभे होते.

गेल्या महिन्यात जाधव मॅडमचा फोन आला. यंदाही त्यांच्या काही मुलींची उन्हाळी शिबिरांसाठी निवड झाली आहे. कुणी पुण्याला, कुणी मुंबईला, एकजण तर थेट दिल्लीला. एका मुलीला पुढच्या दोन वर्षांची परदेशातली शिष्यवृत्ती मिळायची शक्यता आहे. मुलींच्या आया मॅडमना विचारायला येतात की, गेलेल्या पोरी पुढं काय करतात, परत येतात का. मॅडम म्हणाल्या, "मनीषा, मी काय सांगू त्यांना? तू लिही. मी वाचून दाखवते." म्हणून हे लिहिते आहे. त्या आयांसाठी, त्यांच्या मुलींसाठी, आणि शिबिरात भेटलेल्या सांगलीच्या श्रेयासारख्या, माझ्याबरोबर निघालेल्या आणि आता कुठं कुठं जाऊन पडलेल्या आम्हा सगळ्यांसाठी.

आमचं गाव माण तालुक्यात, पार पूर्वेला. गाव म्हणायचं ते पावसाळ्यापुरतं. दिवाळी झाली की आई-आबा मेंढरं घेऊन पश्चिमेला निघायचे. रहिमतपूर, मग कराड, मग कृष्णेच्या काठाकाठानं खाली वाळव्यापर्यंत. ऊस तुटून गेलेल्या किंवा ज्वारी निघालेल्या रानात मेंढरं बसवायची, म्हणजे त्यांच्या लेंड्यांचं खत शेताला मिळायचं आणि शेतकरी आम्हाला धान्य द्यायचा. चार दिवस इथं, चार दिवस तिथं. जिथं मुक्काम पडेल तो तळ. घोड्याच्या पाठीवर सगळा संसार, वर बांधलेल्या कोंबड्या, आणि चालता न येणारी कोकरं. पहिला पाऊस लागायच्या आत परत गाव गाठायचं.

मी पाचवीपासून रहिमतपूरला मुलींच्या वसतिगृहात होते. दिवाळीत आई-आबा निघायचे आणि मी शाळेत. ते परत यायचे तेव्हा माझी शाळा सुरू झालेली असायची. म्हणजे वर्षात आमचा असा एकच महिना होता. एप्रिल संपता संपता आबा वसतिगृहाच्या दारात येऊन उभे राहायचे. ते कधी हाक मारायचे नाहीत. कुणीतरी मुलगी पळत येऊन सांगायची, "तुझे आबा आलेत," आणि मी पिशवी घेऊन निघायचे. तळ कुठं आहे हे मला त्याच दिवशी कळायचं.

त्या महिन्यात आम्ही काही विशेष करायचो असं नाही. आई भाकरी करायची, मी कोकरांना पाजायला धरायचे. संध्याकाळी मेंढरांभोवती जाळी लावायची, तिला आम्ही वाघूर म्हणतो. तिचे खुंट ठोकताना आबा एका बाजूनं यायचे आणि मी दुसऱ्या बाजूनं, आणि मध्ये गाठ पडली की काम संपलं. दिवस मावळायच्या आत जेवण. मग उघड्यावर घोंगड्यावर पडायचं. आबा मला वर्षभराचं विचारायचे. काय शिकलीस, म्हणायचे, आणि मी सांगायचे. गुरुत्वाकर्षण, पचनसंस्था, पानिपत, जे आठवेल ते. त्यांना सगळं कळायचंच असं नाही, पण ते मध्येच झोपायचे नाहीत.

पुण्याचं शिबिर महिनाभराचं होतं. नववी झालेल्या मुलांसाठी, विज्ञानाचं. लेखी परीक्षा आणि मुलाखत घेऊन राज्यभरातून मुलं निवडली होती. राहणं-खाणं सगळं फुकट. त्या परीक्षेचं मला मॅडमनीच सांगितलं होतं. मला तिथं खोलीत जागा मिळाली ती खिडकीपाशी. पहिल्या रात्री खरंच झोप आली नाही, छत फार जवळ वाटलं.

श्रेया मला तिथं भेटली. तिच्या वडिलांचा सांगलीत हळदीचा व्यापार. घर जैन, त्यामुळं सूर्यास्तानंतर ती जेवत नसे. मेसमध्ये तिच्यासाठी ताट लवकर लावायचे. मलाही तळावरच्या सवयीनं त्याच वेळेला भूक लागायची. मी विचारलं, मीही आत्ताच जेवले तर चालेल का? तेव्हापासून रिकाम्या मेसमध्ये आम्ही दोघीच जेवायला बसायचो. बाकीची मुलं खेळून यायची तोवर आमचं ताट धुऊन झालेलं असायचं. आमची मैत्री अशी भुकेच्या वेळेवरून झाली.

तिथं जे शिकले त्यानं माझं आयुष्य बदललं, हे नाकारणार नाही. शाळेत विज्ञान वाचायचं असतं. तिथं ते करायचं होतं. आम्ही नदीचं पाणी तपासलं, माती चाळली, भिंगं घासली. एक दिवस डोळ्यावरचा धडा होता. शिकवणाऱ्या सरांनी दोघादोघांच्या जोड्या केल्या. समोरासमोर बसायचं, एक डोळा हातानं झाकायचा, दुसऱ्यानं समोरच्याच्या नाकाकडं बघत राहायचं. मग समोरच्यानं बाजूनं हळूहळू बोट आत आणायचं, आणि दिसलं की म्हणायचं, "आता." श्रेया माझ्यापुढं बसली होती. बोट पार कानाजवळ होतं तेव्हाच मी "आता" म्हणाले. ती म्हणाली, "एवढ्या लांबून?" सर हसले. म्हणाले, "हिच्या घरी मेंढ्या आहेत ना? राखणाऱ्याला सगळीकडचं दिसावं लागतं." मला फार अभिमान वाटला. मनात आलं, आबांना तर पाठीमागचंही दिसत असेल.

शिबिर संपलं तेव्हा जून लागला होता. मेंढरं गावाकडं परतली होती आणि माझी दहावी सुरू झाली होती. मी पुण्याहून थेट वसतिगृहात गेले. जे प्रयोग शिकून आले होते ते वसतिगृहातल्या मुलींना दाखवले, कारण माझ्यापुढं त्याच होत्या.

दहावीच्या वर्षातच मॅडमनी आणखी एक शिष्यवृत्ती शोधून काढली. अकरावी-बारावीची दोन वर्षं कॅनडातल्या एका निवासी शाळेत, सगळा खर्च त्यांचा. निवड झालेल्या मुलांसाठी बंगळूरला तयारीचं शिबिर होतं. इंग्रजी बोलायचं, काट्याचमच्यानं खायचं, थंडीत काय घालायचं, एकटं वाटलं तर कुणाला सांगायचं. तेही नेमकं एप्रिल-मेमध्ये. उन्हाळ्यात मुलांना सुट्टी असते म्हणून शिबिरं उन्हाळ्यात असतात, यात कुणाची चूक नाही. पण त्या वेळी मी फोनवर आईला तारखा सांगितल्या, तर तिनं त्या पुन्हा सांगायला लावल्या. मग म्हणाली, "म्हंजी यंदा बी न्हाई."

ऑगस्टमध्ये मी गेले. त्या आधीचे काही आठवडे गावात होते. पाऊस बरा झाला होता, मेंढरं घराभोवतीच चरत होती आणि आबा आपल्याच रानात वावरत होते. तिथली वाट त्यांना पायांनी पाठ होती. निघायच्या दिवशी मी त्यांच्या पाया पडले आणि उठून बाजूला उभी राहिले. ते माझ्या डोक्यावर हात ठेवायला गेले, तो हात पहिल्यांदा हवेत पडला. मला वाटलं, डोळ्यांत पाणी असेल.

कॅनडातल्या पहिल्या थंडीबद्दल लिहिण्यासारखं फार नाही. ते सगळ्यांना माहीत असतं. स्नो बूट्स, हीटर, चार वाजता मावळणारा दिवस. मला जड गेलं ते वेगळंच. तिथं प्रत्येक गोष्ट आपल्या जागी होती. बेड, टेबल, कपाट, त्यावर माझं नाव. दोन वर्षं मी त्याच खिडकीतून त्याच झाडाकडं बघितलं. एका जागी इतके दिवस आमच्या घरात कुणी राहिलं नव्हतं. रूममेट ब्राझीलची होती. ती घरच्या भिंतींचे, अंगणाचे फोटो लावायची. मला म्हणायची, तुझं घर दाखव. माझ्याकडं एकच फोटो होता, त्यात घोडं, आई आणि मागं कुणाचं तरी नांगरलेलं रान. ती विचारायची, घर कुठंय यात? मी म्हणायचे, हेच.

दर रविवारी फोन. आबा कमी बोलायचे, रेंज असेल तर. एकदा आई म्हणाली, कराडच्या पुढं हायवे ओलांडताना एका गाडीनं मेंढरं चिरडली. आबा मागून म्हणाले, "गाडीवाला सुसाट आला, बाजूनं. दिसलाच न्हाई." मी गाडीवाल्याला मनात शिव्या दिल्या. पुढं एकदा आई म्हणाली, आता मेंढरांच्या पुढं मीच चालते, हे मागं ऱ्हात्यात. मी विचारलं, का गं? ती म्हणाली, "वय झालं की. दमत्यात."

मधल्या उन्हाळ्यात येणं झालं नाही; दोन वर्षं संपली आणि मे अखेरीला मी परत आले. कितीतरी दिवस मनात एकच होतं, या वेळी मे महिन्याचे थोडे दिवस हाताला लागणार. जाधव मॅडमनी आईला फोन करून तळ कुठं आहे ते विचारून ठेवलं होतं. मेंढरं परतीच्या वाटेला लागली होती, औंधच्या अलीकडं, यमाईच्या डोंगराच्या पायथ्याशी. एसटीतून उतरून मी बांधाबांधानं चालत गेले. दुपार कलली होती. आबा बाभळीखाली घोंगड्यावर बसले होते. मी त्यांच्या उजव्या बाजूनं येत होते. कुत्रं ओळखून धावत आलं, माझ्या अंगावर उड्या मारायला लागलं. आबा हलले नाहीत. मी अगदी जवळ, हात लावता येईल एवढ्यावर आले.

कुत्र्याचा आवाज ऐकून त्यांनी मान फिरवली, पण माझ्या मागच्या रानाकडं बघत म्हणाले, "कोण हाय?"

मी म्हणाले, "आबा, मी."

मग त्यांनी मान थोडी इकडं, थोडी तिकडं केली. हरवलेली वस्तू शोधावी तसा माझा चेहरा त्यांनी शोधला. सापडल्यावर मात्र ते हसले आणि हसता हसता रडले. म्हणाले, "केवढी झालीस."

तीन-चार दिवस मी फक्त बघत होते. ते पायाशी आलेल्या कोकरावर अडखळत होते. वाघुरीचा खुंट हातात घेऊन दुसरा खुंट शोधत होते, जो बाजूलाच पडला होता. समोर मात्र लांबवरचं मेंढरू त्यांना दिसत होतं, त्याचा कान फाटलाय हेही ते सांगत होते. म्हणून तर आईला कळलं नव्हतं. एवढं लांबचं ज्याला दिसतं, त्याचे डोळे गेलेत असं कुणाला वाटेल?

एका सकाळी मी त्यांच्यापुढं जाऊन बसले. म्हणाले, "आबा, एक डोळा झाका आणि माझ्या नाकाकडं बघा. माझं बोट दिसलं की 'आता' म्हणा."

आई भाकरी थापत होती. म्हणाली, "ह्यो कसला खेळ?"

मी बोट कानाच्या रेषेतून हळूहळू पुढं आणलं. आबा माझ्या नाकाकडं बघत होते, शहाण्या मुलासारखे. बोट गालाच्या पुढं आलं. डोळ्याच्या पुढं आलं. ते काही बोलेनात. मला वाटलं, त्यांना सांगितलेलं नीट कळलं नसेल. बोट माझ्या नाकाला टेकायला आलं तेव्हा ते म्हणाले, "आता."

दुसरा डोळाही तसाच.

मी हात खाली घेतला. ते म्हणाले, "बरोबर जमलं का?" मी म्हणाले, "जमलं." आईनं तव्यावरची भाकरी उलटली नाही, ती करपली. तिला माझ्या तोंडावरून कळलं असावं.

श्रेयाच्या घरी फोन केला. ती तेव्हा जर्मनीला जायच्या तयारीत होती. तिच्या आईनं आम्हाला सांगलीत घरी ठेवून घेतलं आणि मिरजेच्या एका डोळ्यांच्या डॉक्टरकडं नेलं. आबा श्रेयाच्या घरच्या स्वच्छ फरशीवर चपला हातात घेऊन चालत होते. श्रेयाची आई म्हणाली, "असू दे हो, घाला पायात." ते म्हणाले, "पायाला जमीन लागली की बरं वाटतं." फरशी आणि उंबरा त्यांना पायानंच दिसत होता, हे तेव्हा माझ्या ध्यानात आलं.

डॉक्टर भले होते. त्यांनी यंत्रावर तपासलं आणि मला वेगळं न नेता आबांच्या पुढंच सांगितलं. काचबिंदू आहे. यात बाजूचं आधी जातं आणि समोरचं शेवटी, तेही इतकं हळूहळू की ज्याचं जातं त्याला कळत नाही. गेलेलं परत येत नाही. उरलेलं थेंब घालून राखायचं.

मी विचारलं, "आधी आलो असतो तर?"

ते म्हणाले, "दोन-तीन वर्षांपूर्वी सापडलं असतं तर बरंचसं राहिलं असतं." मग माझ्याकडं बघून म्हणाले, "पण तेव्हा त्यांना काही त्रास नसणार. कोण येतं त्रास नसताना?"

आबांनी एकच विचारलं. "मेंढरं राखता येतील का?"

डॉक्टर म्हणाले, "गावात, रानात ठीक आहे. रस्त्यावर नाही. तुम्हाला गाडी दिसणार नाही."

परत येताना एसटीत मी त्यांना म्हणाले, आबा, तुम्ही सांगितलं कसं नाही? ते खिडकीबाहेर बघत होते, बाहेर त्यांना काय आणि किती दिसत होतं कुणास ठाऊक. म्हणाले, "सांगायला मला तरी कुठं कळत हुतं, पोरी? मला वाटलं, वय झालं की जग असं आखडत असंल. सगळ्यांचंच."

आषाढात आटपाडीच्या बाजारात मेंढरं विकली. रस्त्यानं न्यायला आबा नको, आणि आईला एकटीनं वर्षभर ते झेपणार नव्हतं. चुलत्यानं टेम्पो आणला. आबा घरी थांबतील असं आम्हाला वाटलं होतं, पण ते आधीच टेम्पोत बसले होते. बाजारात ते एका जागी उभे राहिले. गिऱ्हाईक मेंढरू ओढून नेऊ लागलं की त्याच्या पाठीवरून एकदा हात फिरवायचे आणि काहीतरी सांगायचे. ही पावसाला भिती. हिला मीठ लागतं. ह्या दोघी बहिणी हायेत, जमलं तर संगट ठिवा. घेणारा माणूस हो-हो म्हणायचा. संध्याकाळी टेम्पो रिकामा परतला. आई मागं हौद्यात बसली, पुढं जागा असून. कुत्रं पुढचे कितीतरी दिवस रिकाम्या वाघुरीभोवती फेऱ्या मारत होतं.

मला कॅनडातच विद्यापीठात प्रवेश आणि शिष्यवृत्ती मिळाली होती. मी म्हणाले, मी जात नाही. साताऱ्याला कॉलेज करते, येऊन-जाऊन राहते. उत्तर आईनं दिलं. भांडी घासता घासता, माझ्याकडं न बघता म्हणाली, "तू ऱ्हाऊन काय करशील? डोळं आणून देशील का?" मग थोड्या वेळानं, "एवढं दिलंय तुला. आता ते वाया घालवू नगंस. आमाला ते सोसणार न्हाई."

मी गेले.

शिकले, आता तिथल्याच एका छोट्या शहरात मातीच्या लॅबमध्ये काम करते. शेतकरी पिशव्यांतून माती पाठवतात, तीत काय कमी आहे ते मी सांगते. अपार्टमेंटला लॉण्ड्री आहे, खाली ग्रोसरी आहे, मॅनेजर चांगली आहे. दु:खी आहे असं नाही. पण मे महिना लागला की लॅबमध्ये मला कशाचंच काही वाटेनासं होतं. बाहेर बर्फ वितळून गवत यायला लागतं, लोक आनंदानं बागेत बसतात. माझ्या ओळखीचा मे तिथं येत नाही. आणि खरं सांगायचं तर आता तो माणमध्येही येत नाही. आई-आबा दोन खोल्यांच्या पत्र्याच्या घरात बारा महिने राहतात. आई डाळिंबाच्या बागेत कामाला जाते. घरात पंखा आहे, माझ्या पगारातून आणलेला फ्रिज आहे, थेंबांच्या बाटल्या त्यात असतात. व्हिडिओ कॉलवर आई फोन आबांच्या तोंडासमोर बरोबर मध्ये धरते, आणि मीही आता कॅमेऱ्याच्या मध्येच बसायला शिकले आहे.

श्रेयाशी यावर एकदा बोलले. ती म्हणाली, तू शिबिरांच्या त्या दोन्ही मे महिन्यांत तळावर असतीस, तरी तुला कळलं असतं कशावरून? ते बोट फिरवायला तू पुण्यालाच तर शिकलीस. तिचं बरोबर आहे. गेले नसते तर ओळखता आलं नसतं, आणि गेले म्हणून ओळखायला तिथं नव्हते. याचं काय करायचं ते मला अजून समजलेलं नाही. कुणी चुकलं नाही आणि तरी हे असं झालं.

मागच्या वर्षी रजा काढून मुद्दाम मेमध्येच गेले. आबा म्हणाले, "एकदा कराडला जाऊ. नदीवर." आई म्हणाली, आवं, दिसणार काय तुमाला? पण तीही साडी बदलून तयार झाली. आम्ही तिघं एसटीनं गेलो. कृष्णा-कोयनेच्या संगमापाशी वाळूत आबा चपला काढून बराच वेळ उभे राहिले. मग पलीकडच्या काठानं चालत निघालो, तर एका मोकळ्या रानात मेंढरं बसलेली. दिसायच्या आधीच आबांनी वासानं ओळखलं. पावलं आपोआप तिकडं वळली.

खटावकडचं कुणीतरी होतं, ओळखीचं नव्हतं. तरी बाईनं चहा टाकला. आबा कोकरांमध्ये बसले. एक कोकरू त्यांच्या मांडीवर चढलं, त्याच्या कानामागं खाजवत राहिले. बाईनं माझ्या बुटांकडं, पाठीवरच्या पिशवीकडं बघितलं आणि आईला विचारलं, "पोरगी शेरगावात असती व्हय?"

आई म्हणाली, "लय लांब. विमानानं जावं लागतं."

"मग तुमी घरीच असता आता? मेंढरं न्हाईत?"

आबा म्हणाले, "आमाला जवा घर नव्हतं, तवा तळ हुता. आता घर हाय."

बाईनं चहा पुढं केला.

ज्या मुली यंदा जाणार आहेत, त्यांच्या आयांना मी काय सांगू? जाऊ द्या, असंच सांगते. मला माझ्या आई-आबांनी जाऊ दिलं, आणि ते चुकलं असं त्यांनी एकदाही म्हटलं नाही. पोरी परत येतील का, या प्रश्नाचं उत्तर मात्र माझ्याकडं नाही. ज्या मे महिन्यातून मी निघाले, तिथं परत जायला गाडी नाही. माझे लोक आहेत, ते भेटतात, त्यांच्यापाशी पोचायला दरवेळी नव्यानं वाट शोधावी लागते.

चहा पिऊन आम्ही स्टँडकडं निघालो. आई मागं होती. मी आबांचा हात धरायला गेले तर ते म्हणाले, "हात नगं. हात धरला की तू बाजूला पडतीस, दिसत न्हाईस. पुढं चाल." मग मी त्यांच्या पुढं झाले, बरोबर मध्ये. रस्ता गर्दीचा होता, दोन्ही बाजूंनी गाड्या जात होत्या, त्यातलं त्यांना काही दिसत नव्हतं. मी फार भरभर चालले नाही आणि मागं वळूनही बघितलं नाही. त्यांच्या काठीचा आवाज येत होता. घर कुठं म्हणून मला आता कुणी विचारलं तर ती तेवढीच जागा आहे. त्यांना मी दिसते आहे आणि मला ते ऐकू येत आहेत, त्या मधली.